मिथेनॉल ते ओलेफिन : धुण्याचं काम

(दृश्य : प्रयोगशाळेचं टेबल. काचेच्या तीन बाटल्या, मागे खिडकी.)

पहिल्या बाटलीतलं पाणी ताकासारखं पांढुरकं आहे. दुसरीतलं जरा निवळलेलं. तिसरीतून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसते. तिन्ही नमुने एकाच पाळीत भरलेले. आणि हे पाणी कुठून आणलेलं नाही. ते इथंच, मिथेनॉलच्या रेणूतून निघालं आहे.

मिथेनॉलच्या रेणूत एक कार्बन, चार हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. तापलेल्या उत्प्रेरकावर हा ऑक्सिजन दोन हायड्रोजन सोबत घेतो आणि पाणी होऊन निघून जातो. मागे राहिलेले कार्बनचे तुकडे एकमेकांना जोडले जातात. दोन जुळले की इथिलीन, तीन जुळले की प्रॉपिलीन. ही दोन्ही ओलेफिन. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा हा कच्चा माल. १०० किलो मिथेनॉल घातलं, तर ५६ किलो पाणी होतं आणि हायड्रोकार्बन ४४ किलो. वजनाने पाहिलं तर हा कारखाना सर्वांत जास्त बनवतो ते पाणीच. आणि कारखान्यातली बहुतेक घाण याच पाण्यातून वाट काढत फिरते.

(दृश्य : रिॲक्टर आणि रिजनरेटर, खालून वर जाणारा कॅमेरा.)

या प्रक्रियेचं छायाचित्र छापतात तेव्हा मधोमध असतो तो हा जोड मनोरा : रिॲक्टरमध्ये मिथेनॉलचं ओलेफिन होतं, रिजनरेटरमध्ये उत्प्रेरकावरची काजळी जाळतात. त्याचा मान मोठाच आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युनियन कार्बाइडच्या संशोधकांनी सॅपो-३४ नावाचा पदार्थ तयार केला. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस यांची जाळी, आणि जाळीला सुमारे ०.३८ नॅनोमीटरच्या खिडक्या. इथिलीन, प्रॉपिलीन त्यातून बाहेर पडतात, जाडजूड रेणू आत अडकतात. १९९५ मध्ये नॉर्वेतल्या पोर्सग्रुनला यूओपी आणि नॉर्स्क हायड्रो या कंपन्यांनी दिवसाला पाऊण टन मिथेनॉल घेणारं प्रात्यक्षिक संयंत्र चालवलं. २०१० मध्ये चीनच्या इनर मंगोलियातल्या बाओटोऊ इथं, दालियनच्या रासायनिक भौतिकी संस्थेच्या तंत्रावर, वर्षाला १८ लाख टन मिथेनॉल घेऊन ६ लाख टन ओलेफिन देणारा प्रकल्प सुरू झाला. चारशे ते पाचशे अंश तापमान, दाब थोडासाच, आणि ९९ टक्क्यांहून जास्त मिथेनॉलचं रूपांतर.

आत कॅमेरा जात नाही. म्हणून आपण बाहेरच थांबू, जिथं माणसं काम करताना दिसतात.

(दृश्य : मिथेनॉलची टाकी. नमुना काढणारे हातमोजे. नंतर रेझिनचे सोनेरी मणी, जवळून.)

टाकीतलं मिथेनॉल दिसायला नितळ आहे. गंमत म्हणजे ते अगदी शुद्ध असावं असा इथं आग्रह नाही. बाजारात विकायच्या मिथेनॉलमधून पाणी कसोशीने काढतात. ओलेफिनसाठी मात्र पाच टक्क्यांच्या आसपास पाणी राहिलं तरी चालतं. उलट त्या वाफेमुळे उत्प्रेरकावर काजळी कमी धरते. ते पाणी उडवायला लागणारं इंधनही वाचतं. गंधकाची काळजी तर आधीच मिटलेली असते, कारण मिथेनॉल बनवणारा तांब्याचा उत्प्रेरक गंधकाचा अंशही सहन करत नाही. म्हणून गंधक मागच्याच, मिथेनॉलच्या कारखान्यात काढलेला असतो.

मग इथं शोधतात काय? सोडियम, पोटॅशियम, लोह आणि अमाइन.

सॅपो-३४ चं सगळं काम चालतं ते त्याच्या आम्ल जागांवर. सोडियमचा आयन येऊन त्या जागेवर बसला की ती जागा संपली. मिथेनॉल जहाजातून येतं तेव्हा समुद्राच्या पाण्याचा अंश धोक्याचा असतो. म्हणूनच माल भरण्याआधी जहाजाच्या टाकीच्या भिंती मिथेनॉलने धुऊन, त्या धुवणात क्लोराइड तपासण्याची पद्धत रूढ आहे. लोह येतं नळांच्या आणि टाक्यांच्या गंजातून. अमाइनची गोष्ट निराळी. मिथेनॉल बनवण्याच्या वायूत अमोनिया शिल्लक राहिला, तर तो मिथेनॉलशी जुळून ट्रायमिथाइल अमाइन बनतो. मासळीच्या वासाचा हा पदार्थ आम्ल जागा अडवतो. पण तो निदान जळतो. काजळी जाळायला उत्प्रेरक रिजनरेटरमध्ये जातो, सहाशे अंशांच्या वर तापतो, तेव्हा अमाइनही जातं. सोडियम जळत नाही. तो साठत राहतो.

बाओटोऊच्या आकाराच्या प्रकल्पाचा हिशेब करा. १८ लाख टन मिथेनॉलमध्ये सोडियम फक्त १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, असा धरला तरी वर्षाला १.८ टन सोडियम उत्प्रेरकावर येऊन पडेल. त्यापुढे खिडक्या कितीही अचूक असोत.

हे सोनेरी मणी त्यासाठी आहेत. ही आयन-विनिमय रेझिन. मिथेनॉल त्यातून झिरपतं, सोडियम मण्याला चिकटतो, त्याच्या जागी हायड्रोजन सुटतो. मणी भरले की आम्लाने धुऊन पुन्हा कामाला लावायचे. दुसरा उपाय त्याहून जुन्या धाटणीचा : मिथेनॉल सगळं न उकळता थोडं द्रव ठेवायचं. क्षार वाफेत चढत नाहीत, खालच्या द्रवात राहतात. तो द्रव काढून टाकायचा.

(दृश्य : क्वेंच टॉवरचा पायथा. पंप, गाळण्या, उघडलेला उष्णता विनिमयक, नळ्यांत पांढरट थर.)

आता रिॲक्टरच्या पलीकडची बाजू. वायू तापलेला येतो, त्यात निम्म्याहून जास्त वाफ. आधी तो आपली उष्णता येणाऱ्या मिथेनॉलला देतो. मग क्वेंच टॉवरमध्ये वरून पाण्याचा मारा.

चक्रीवादळासारखे फिरवून धूळ वेगळी करणारे सायक्लोन रिॲक्टरमध्ये असतात, पण उत्प्रेरकाची सर्वांत बारीक भुकटी त्यांच्याही हातून निसटते. ती या पाण्यात उतरते. सुरुवातीच्या बाटलीत जो ताकाचा रंग होता, तो हाच. भुकटी एकटी येत नाही. उत्प्रेरकातून थोडे जड सुगंधी हायड्रोकार्बनही, म्हणजे बेंझिनसारखं कार्बनचं कडं असलेले रेणू, निघतात. त्यांतलं ड्युरीन ७९ अंशांखाली गोठतं. पाणी जिथं थंड होतं, तिथं ते मेणासारखं नळीला धरतं आणि भुकटीला आपल्यात ओढतं. हा थर पाहा. नळीच्या तोंडातून पलीकडचा उजेड किती उरला आहे तेही पाहा.

तो विरघळवायला झायलीन सोडतात. गाळण्या सतत चालतात, आणि त्यांच्यामागे एक माणूस दाबमापकाकडे लक्ष ठेवून असतो. दाबातला फरक वाढला की गाळणी बदलायची वेळ आली. संयंत्राचा अहवाल लिहिला जातो तेव्हा या माणसाच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. प्रत्यक्षात तो चुकला तर वरचा जोड मनोरा थांबतो.

पाण्यात आणखी बरंच काही उतरतं. न वापरलेलं मिथेनॉल, डायमिथाइल ईथर, ॲसिटोन, ॲसिटाल्डिहाइड, ॲसेटिक आम्ल. आम्लामुळे नळ गंजतात, म्हणून पाण्यात कॉस्टिक सोडा घालतात. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम. ज्या सोडियमला दारातच रोखायला रेझिनचे मणी राबले, तोच आता आपल्या हाताने आत घातला. पुढे याच पाण्यातलं मिथेनॉल आणि ईथर वेगळं काढून रिॲक्टरला परत द्यायचं असतं. त्यामुळे स्ट्रिपरच्या, म्हणजे पाणी तापवून हे दोन्ही उडवणाऱ्या स्तंभाच्या, माथ्यावरून फक्त वाफ घ्यायची. पाण्याचे तुषार वर उडता कामा नयेत, कारण प्रत्येक तुषारात सोडियम आहे. माझ्या मते संपूर्ण कारखान्यातलं सर्वांत नाजूक काम हे आहे. कॅमेऱ्यात मात्र फक्त एक उंच, निश्चल स्तंभ दिसतो.

(दृश्य : कंप्रेसर हॉल. आवाज तसाच ठेवावा.)

(दृश्य : कॉस्टिक टॉवरखालची काचखिडकी. पिवळा तवंग.)

दाबलेला वायू पुन्हा धुतला जातो, या वेळी कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी. कॉस्टिक त्याला धरून सोडियम कार्बोनेट बनवतो. द्रावण जास्त तीव्र झालं तर त्याचेच खडे होतात आणि ट्रे तुंबतात. फार पातळ झालं तर वायू निसटतो.

हा पिवळा तवंग ॲसिटाल्डिहाइडचा. कॉस्टिकमध्ये त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि चिकट तेल होतं. कामगार त्याला पिवळं तेलच म्हणतात. आधीच्या पाण्याच्या धुण्यात ॲल्डिहाइड जितकं जास्त उतरलं, तितकं इथं तेल कमी. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या पाळीची मेहनत वरच्या मजल्यावर रंगाने दिसते.

वापरलेलं कॉस्टिक, गाळण्यांचा गाळ आणि सांडपाणी शुद्धीकरण विभागाकडे जातं. मिथेनॉल कोळशापासून केलेलं असेल, तर कार्बन डायऑक्साइडचा मोठा भार त्याच्याही आधीच हवेत गेलेला असतो.

(दृश्य : ड्रायरची जोडी. एकाच्या नळावर बर्फ, दुसऱ्यावर उष्णतेची थरथर.)

सुरुवातीला पाच टक्के पाणी चालत होतं. आता १ पीपीएमही नको. दाबाखालच्या थंड इथिलीनमध्ये पाण्याचा अंश राहिला, तर शून्य अंशाच्या वरही त्याचा बर्फासारखा हायड्रेट बनतो आणि नळ बंद होतो.

ड्रायरमध्ये भरलेले दाणे मॉलिक्युलर सीव्हचे. त्यांची छिद्रं ३ अँगस्ट्रॉमची, म्हणजे ०.३ नॅनोमीटरची. पाण्याचा रेणू त्यात शिरतो, इथिलीनचा मावत नाही. आणि हे छिद्र इतकं अरुंद होतं ते पोटॅशियममुळे. जाळीतला सोडियम काढून पोटॅशियम बसवला की भोक आकसतं. रिॲक्टरमध्ये ज्याला विष मानलं, तो इथं पहारेकरी आहे.

एक ड्रायर सुकवत असतो, तेव्हा दुसरा गरम वायूने भाजला जातो. मग अदलाबदल. झडपांचा हा क्रम दिवसरात्र चालतो.

(दृश्य : ऊर्ध्वपातनाचे स्तंभ, पहाट. सर्वांत उंच स्तंभावर कॅमेरा स्थिर.)

इथून पुढे वेगळं करण्याचं शस्त्र एकच : उत्कलनबिंदू. इथिलीन उणे १०३.७ अंशांना उकळतं, इथेन उणे ८८.६ ला. ही जोडी त्यातल्या त्यात सोपी. मिथेन आणि हायड्रोजन या प्रक्रियेत थोडेच बनतात, त्यामुळे नॅफ्था क्रॅकरसारखी (खनिज तेलातला नॅफ्था तापवून तोडणाऱ्या कारखान्यासारखी) अतिथंड पेटी अनेक प्रकल्पांत लागत नाही. प्रोपेनने धुऊनही काम भागतं.

डायमिथाइल ईथर मात्र शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. तो उणे २४.८ अंशांना उकळतो आणि जड हायड्रोकार्बनच्या कप्प्यांत लपून येतो. त्याला मिथेनॉलने किंवा पाण्याने धुऊन काढावं लागतं.

आणि हा सर्वांत उंच स्तंभ प्रॉपिलीन आणि प्रोपेनचा. एक उणे ४७.६ ला उकळतं, दुसरं उणे ४२.१ ला. मधे साडेपाच अंश. तेवढ्या फटीसाठी दीडशे-दोनशे ट्रे एकावर एक रचलेले. प्रत्येक ट्रेवर द्रव खाली येतो, वाफ वर जाते, आणि प्रॉपिलीनचं प्रमाण किंचित वाढतं. पुन्हा वरचा ट्रे, पुन्हा किंचित.

ॲसिटिलीनवर ऊर्ध्वपातन चालत नाही. त्यासाठी पॅलेडियमचा उत्प्रेरक आणि मोजून दिलेला हायड्रोजन. कमी दिला तर ॲसिटिलीन उरतं. जास्त दिला तर इथिलीनचंच इथेन होतं, आणि तापमान हाताबाहेर जाऊ शकतं.

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी, तो पॉलिमरचा उत्प्रेरक फार हळवा आहे. पाणी, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, ईथर : यांचे काही पीपीएम आले तरी तो मंदावतो. म्हणून इथिलीन ९९.९५ टक्के मागतात. त्या उरलेल्या ०.०५ टक्क्यांतही काय चालेल आणि काय नाही, याची यादी वेगळी. इथेन चालतं. ॲसिटिलीन चालत नाही.

(दृश्य : पुन्हा प्रयोगशाळा. नमुन्याचा स्टीलचा सिलिंडर क्रोमॅटोग्राफला, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, जोडला जातो. पडद्यावर रेघ.)

मोठं शिखर इथिलीनचं. ते कुणी पाहत नाही. नजर आहे ती त्याच्या बाजूला, जिथं रेघ सपाट राहायला हवी. रसायनतज्ज्ञ तो भाग मोठा करून पाहते. ॲसिटिलीनची जागा. मिथेनॉलची जागा. ईथरची जागा.

(इथं निवेदन थांबवावं. रेघ पूर्ण होऊ द्यावी.)

ती कंट्रोल रूमला फोन लावते. चार आकडे सांगते. पलीकडून ते परत म्हणून दाखवले जातात, आणि साठवण टाकीकडची झडप उघडते.

टेबलावरच्या तीन बाटल्या ओतून, विसळून, पालथ्या ठेवल्या आहेत. पुढची पाळी त्या पुन्हा भरेल.