ऊस हलला की…

(दृश्य: दिवेलागणीची वेळ, उसाचा फड, फक्त वाऱ्याचा आवाज. पंधरा सेकंद निवेदन नाही.)

हा वारा आहे. तुम्हाला स्क्रीनवर बघताना वाराच वाटणार, पण इथल्या माणसाला विचारलं तर तो आधी नीट बघेल, कारण सगळा फड एकसारखा हलला तर वारा, आणि एकाच जागी दोन-चार पाती हलली तर वारा नाही. हे गणित पुणे जिल्ह्यातल्या शिरूर, जुन्नर, आंबेगाव पट्ट्यात पहिलीतल्या पोरालासुद्धा येतं, कुठल्या पुस्तकात नाहीये ते.

बिबट्याला इथं बिबट्या म्हणणारे फॉरेस्टवाले आणि पेपरवाले. बाकीचे वाघ म्हणतात, नाहीतर नुसतं जनावर. अंधार पडल्यावर तर तेही नाही, "ते" फिरतंय, एवढंच.

(दृश्य: गळ्यातला पट्टा, एकदम जवळून)

आता हा पट्टा बघा. बाहेरच्या बाजूनं टोकदार खिळे. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा आपण सगळ्यांनीच बघितलाय, बिबट्या गळा धरतो म्हणून. 2025 च्या शेवटी शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या बायांनी तो स्वतःच्या गळ्यात घातला आणि शेतात कामाला गेल्या. खुरपायला वाकलं, कांदा लावायला बसलं की माणसाची उंची शेळीएवढी होते, आणि पाठ असते उसाकडं. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात महिन्याच्या आत या परिसरात तीन जीव गेले, त्यात दोन लहान लेकरं होती, मग लोकांनी रस्ता अडवला, शेवटी एका बिबट्याला गोळी घातली.

(दृश्य: धरणाचं पाणी, कालवा, मग वरून ड्रोननं ऊसच ऊस)

पण हे सगळं सुरू कुठून झालं तर पाण्यापासून. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे, ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. जिथं बाजरी आणि हुलगा व्हायचा तिथं कालवा आला आणि कालव्याच्या मागनं ऊस आला, आडसाली लावला तर दीड वर्ष हलत नाही. दीड वर्ष सावली, गारवा, पाणी, आत माणूस फिरकत नाही, आणि बाहेर बांधावर कुत्री, शेळ्या, गोठ्यातली वासरं. बिबट्याच्या मादीला आणखी काय पाहिजे, पिल्लं तिथंच झाली, त्या पिल्लांना पिल्लं झाली, आता आताच्या बिबट्याला डोंगरात सोडलं तरी त्याचं घर ऊसच. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या टीमनं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात असाच अभ्यास केला होता, 2013 ला छापून आला, जंगल नाही, नुसती शेती आणि वस्ती, तिथं शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे निघाले. विष्ठा तपासली तर खाण्यात सगळ्यात पुढं कुत्री. म्हणजे लोक गाढ झोपायचे तेव्हाही तो घराच्या मागनं जातच होता, फक्त माहिती नव्हता.

माहिती झालं की सगळंच बदलतं ना. तेच घर, तोच गोठा, तोच रस्ता. रात्री कुत्रं भुंकलं की आधी "गप रे" म्हणायचे, आता भुंकता भुंकता एकदम गप्प झालं की माणसं उठून बसतात.

(दृश्य: ओल्या मातीतला ठसा, शेजारी काडेपेटी ठेवलेली)

सकाळी फोन येतो, ठसे सापडलेत, या. आम्ही पण गेलो. वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तोच ठसा, आणि आम्ही पोचेपर्यंत तो तीन ग्रुपवर फिरून परत त्याच माणसाकडं आलेला. नीट बघा, बोटांच्या पुढं बारीक टोचल्यासारखं दिसतंय, ती नखं आहेत. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या उमटतात. शिवाय मागची गादी, बिबट्याची रुंद असते आणि खालच्या कडेला तीन गोलवे दिसतात. हा ठसा कुत्र्याचा होता. वनरक्षकानं सांगितलं, समजावून सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या, आणि त्या दिवशी पोरं शाळेत गेली नाहीत ती नाहीतच. हसू नका, तुमचं पोर असतं तर तुम्ही नखं मोजत बसला असता का?

आणि त्यात आता ते एआयचे व्हिडिओ. कुठल्यातरी सोसायटीच्या जिन्यात बिबट्या, कुठं एसटी स्टँडवर बिबट्या, सगळं खोटं, पण बघणारा ते बघून मग अंधारात बाहेर पडतो.

(दृश्य: पिंजरा, आतल्या कप्प्यात शेळी)

प्रत्येक गावाची पहिली मागणी पिंजरा लावा. याला मागचा इतिहास आहे आणि तो आम्हाला सांगायचाच होता. 2001 ते 2003 मध्ये जुन्नर भागात शंभराच्या वर बिबटे पकडले आणि लांब जंगलात नेऊन सोडले. कमी व्हायला पाहिजे होतं की नाही? आधी माणसावर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे ते सतरावर गेले. अनोळखी मुलूख, पकडल्याचा ताण, त्यात परत आपल्या जागेकडं निघालेलं जनावर. पिंजऱ्यात घावलेला हल्ला करणाराच असतो का, हाही प्रश्न राहतोच.

(दृश्य: ऊसतोड, कोयता, पाचट बाजूला सारताना थांबलेला हात)

हा शॉट आमच्याकडं आहे याचा आम्हाला फार आनंद आहे. तोड चालू असताना टोळी थांबली, पाचटात दोन पिल्लं, मांजराएवढी. दहा मिनिटांपूर्वी जिथं कोयते चालत होते तिथं सगळे दहा हात मागं, पण बघतायत मात्र टाचा वर करून. मग फॉरेस्टची माणसं, माणिकडोह बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर आणि वाइल्डलाइफ एसओएस या वन्यप्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची टीम. पिल्लं तपासायची, अंगात चिप बसवायची, आणि संध्याकाळी जिथं सापडली त्याच जागी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवायची, वर झाकण हलकं, समोर कॅमेरा, आणि माणसांनी तिथून निघून जायचं. निघून जायचं हेच लोकांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पिल्लं नेली तर मादी चिडून वस्तीभोवती फिरते, ठेवली तर घेऊन जाते.

(दृश्य: ट्रॅप कॅमेऱ्याचं काळं-पांढरं फुटेज, निवेदन नाही.)

(दृश्य: रात्र, विहिरीजवळचा स्टार्टर, विजेरी)

शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची आली की जावंच लागतं. मोटर मोबाईलवरून चालू होते हो, पण दारं धरायला मोबाईल उपयोगाचा नाही, सरी भरली की फोडायला माणूसच लागतो. दिवसा लाईट द्या ही इथली मागणी बिबट्याच्या नावाखाली येते, पण ती विंचू-सापाच्या काळापासूनची आहे. हे दोघं भाऊ एका आड एक नाही जात आता, दोघंही जातात, एक फावडं धरतो, दुसरा नुसती विजेरी फिरवतो आणि मोबाईलवर मोठ्यानं भजन.

हे बघा, थांबली विजेरी. बांधापाशी दोन डोळे, हिरवट. विजेरीत कुत्र्याचे चमकतात, गाईचे चमकतात, बिबट्याचेही चमकतात.

जमिनीपासून किती उंच आहेत ते बघतायत दोघं. भजन बंद केलंय.

डोळे हलले. शेपूट हलवत आलं, वस्तीवरचंच कुत्रं. धाकट्यानं शिवी हासडली, ती आम्ही कापलीय, आणि फावडं परत सरीत घातलं. पाणी पुढच्या सरीला लागलं.

विजेरी मात्र अजून उसाकडंच आहे.