छर्रा धरणारी पेटी

(नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

मित्रहो, आत येतानाच एका ताईंनी मला अडवून विचारले, "काका, त्या पेटीचा एवढा खटाटोप कशाला? भिंतीला जुनी गादी टेकवली तर चालणार नाही का?" ती पेटी म्हणजे घरी सराव करताना हवेच्या रायफलीचा छर्रा अडवण्यासाठी निशाणामागे ठेवायचे खोके. आजचा सगळा विषय या प्रश्नात सामावला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. गादीने छर्रा थांबेल, पहिले काही दिवस तर नक्कीच थांबेल. मात्र तुमचा मुलगा किंवा मुलगी सरावाने जसजशी नेमकी होत जाईल, तसतसे सगळे छर्रे रुपयाएवढ्या जागेत बसू लागतील, तिथला कापूस बाजूला सरेल आणि एके दिवशी गादीच्या आत पोकळी होऊन मागची भिंत उघडी पडेल. रद्दीच्या गठ्ठ्याचेही तेच होते. नेमबाज जितका चांगला, तितका गठ्ठा लवकर पोखरला जातो.

आता छर्‍याची ताकद पाहू. दहा मीटरच्या एअर रायफलचा छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा आणि साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो, आणि तो सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने नळीबाहेर पडतो. त्याची ऊर्जा सात-आठ ज्यूल भरते. एक किलो साखरेची पिशवी पाऊण मीटर उंचीवरून पडली तर जमिनीवर जेवढा आघात होईल, तेवढीच ही ऊर्जा. फरक इतकाच की ती सगळी वाटाण्याहून लहान जागेवर येऊन आदळते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवल्यापासून बालेवाडीच्या क्रीडा संकुलाकडे वळणारी मुले वाढली, हे आपण पाहतोच आहोत. परंतु कुसाळे यांचा प्रकार ५० मीटरचा आहे आणि त्या रायफलमध्ये दारूचे काडतूस वापरतात. आज मी सांगणार आहे ती पेटी केवळ हवेच्या रायफलीसाठी आहे. काडतुसाच्या गोळीपुढे ती टिकणार नाही, हे कृपया वहीत सर्वांत वर लिहून ठेवा.

भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे पहिली पेटी करताना मला कोणाला विचारावेसे वाटले नाही, आणि तिथेच मी फसलो. परदेशी नेमबाज पेटीत एक मऊ, कधीही न सुकणारी लुकणासारखी वस्तू भरतात, असे माझ्या कानावर आले होते. मी विचार केला की आपल्याकडे खिडकीच्या काचा बसवायला लांबी वापरतात, तीही मऊच असते. बोहरी आळीतून पाच किलो लांबी आणली आणि लाकडी खोक्यात चार बोटे जाड थापली. पहिला आठवडा फार सुखाचा गेला. छर्रा आत शिरताना थप्प असा दबका आवाज येई आणि काहीही बाहेर पडत नसे. पण लांबी जवसाच्या तेलात मळलेली असते, आणि जवसाचे तेल हवा लागली की घट्ट होत जाते, हे सुतारकाम जाणणाऱ्या कोणत्याही माणसाने मला सांगितले असते. महिन्याभरात तिचा दगड झाला. मग एका संध्याकाळी एक छर्रा परत आला आणि माझ्या चष्म्याच्या काडीला लागून कपाटाखाली गेला. चष्मा नंबरचा होता, संरक्षणाचा नव्हता. काडीऐवजी काच असती तर आज मी आपल्यासमोर वेगळेच व्याख्यान देत असतो. शाडूच्या मातीचे काय, असे अनेकजण विचारतात. ती लांबीपेक्षाही लवकर सुकते आणि वर भुगा होऊन उडते.

त्यानंतर मी लोखंडाकडे वळलो. छर्रा शिशाचा असतो, आणि शिसे चेंडूसारखे उसळत नाही. ते कठीण पृष्ठभागावर आदळले की चेंबते आणि त्याच पृष्ठभागाच्या अंगाने पसरत जाते. प्लेट सरळ उभी ठेवली तर त्याचे तुकडे चारी बाजूंना फाकतात आणि काही मागेही येतात. तीच प्लेट ४५ अंशांत तिरकी बसवली, वरची कड नेमबाजाकडे आणि खालची कड मागे, तर छर्‍याला खाली जाण्यावाचून वाट उरत नाही. पुष्कळ लोक प्लेट उलटी, म्हणजे वरची कड मागे नेऊन बसवतात, आणि मग तुकडे पेटीच्या छतावर का आदळतात, याचे नवल करीत बसतात.

माझ्या पेटीचे तोंड ३० सेंटिमीटर चौरस आहे. मी लावतो तो निशाणाचा कागद १७ सेंटिमीटर चौरस असतो, म्हणून चुकलेल्या नेमासाठी सगळीकडून साडेसहा सेंटिमीटर जागा राहते. नवशिक्यासाठी तोंड याहून मोठे ठेवावे. पेटीची खोली ३५ सेंटिमीटर आहे, कारण ४५ अंशांतली प्लेट स्वतःच ३० सेंटिमीटर खाते आणि पुढे कागद व पडदा यांना जागा लागते. प्लेट ३ मिलिमीटर जाडीची, ३० बाय ४२ ची. कोणताही फॅब्रिकेटर ती कापून देईल. कडा मात्र घासून घ्या. बाजू १२ मिलिमीटर प्लायच्या, वरचे झाकणही प्लायचे. कागदामागे थोड्या अंतरावर गोणपाटाचे दोन पदर सैल सोडलेले आहेत. छर्रा त्यांतून आरपार जातो, पण प्लेटवर चेंबलेल्या शिशाची बारीक किरच परत येऊ पाहते ती तिथे अडते. गोणपाट ताणून ठोकू नये, ते झुलले पाहिजे. प्लेटच्या पाठीमागे जी त्रिकोणी पोकळी उरते, तिच्यात मी चिंध्या कोंबल्या आहेत, कारण त्याशिवाय प्रत्येक नेमाला देवळातली घंटा वाजते आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात.

तळाशी ओढून काढता येणारा पत्र्याचा ट्रे आहे. आता हिशेब करा: स्पर्धेत ६० नेम असतात. घरी रोज तेवढेच मारले तर शंभर दिवसांत सहा हजार छर्रे होतात, म्हणजे तीन किलोंहून अधिक शिसे. त्यातले बरेचसे चपट्या टिकल्यांसारखे असते, पण काही भाग राखाडी भुकटी होतो, आणि मला खरी चिंता त्या भुकटीची वाटते. शिसे विषारी आहे आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते विशेष बाधते. म्हणून ट्रे फुंकून किंवा झाडूने साफ करू नये. ओल्या फडक्याने पुसावा आणि ते फडके फेकून द्यावे. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणीही खाण्याला हात लावू नये. जमलेले शिसे झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि भंगारात द्यावे. ते गॅसवर वितळवून मासेमारीची वजने करण्याचा उद्योग एका गृहस्थांनी मला मोठ्या उत्साहाने सांगितला होता. तो त्यांच्याकडेच राहू द्या.

जागेबद्दल थोडेसेच सांगतो. पेटीमागे पक्की भिंत हवी. दार, खिडकी किंवा गच्चीचा कठडा चालणार नाही. नेमबाज आणि पेटी यांच्यामध्ये उघडणारे कोणतेही दार असेल तर त्याला आतून कडी लावावी. पोलादी बीबी, म्हणजे बारीक गोल गोळ्या, या पेटीवर कधीही मारू नयेत, कारण पोलाद चेंबत नाही, ते सरळ परत येते. नेमबाजाने आणि पाहणाऱ्यानेही संरक्षणाचा चष्मा घालावा. दहा मीटर जागा नसेल तर पाच मीटरवर निम्म्या आकाराचे निशाण लावून सराव होतो. मात्र छर्‍याचे भोक काही निम्मे होत नाही, म्हणून त्या गुणांवर फुशारकी मारू नये.

रोज सुरुवातीला पहिल्या दोन-तीन नेमांचा आवाज लक्ष देऊन ऐका. नेहमीच्या दबक्या ठोक्याऐवजी खणखणीत आवाज आला तर मागच्या चिंध्या खाली बसल्या आहेत किंवा प्लेटचा स्क्रू सैल झाला आहे, असे समजून रायफल खाली ठेवा आणि पेटी उघडा. मी आणलेली पेटी त्या टेबलावर आहे. ज्यांना ट्रे ओढून पाहायचा असेल, त्यांनी शेजारी ठेवलेले हातमोजे आधी घालावेत, आणि चहाचा कप कृपया दुसऱ्या टेबलावर ठेवून यावे.