आपली वाट पाहणारे कुणीतरी

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल या ठिकाणी १९१४ साली दगडाच्या खाणीत काम चालू असताना एक अतिशय जुने दफन उघडकीस आले. त्यात एक पुरुष होता, एक स्त्री होती, आणि त्यांच्यासोबत एका कुत्र्याची हाडे होती. हे दफन सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचे आहे. पुढे त्या कुत्र्याच्या दातांची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते आणि त्याला बहुधा डिस्टेंपर हा जीवघेणा आजार झालेला होता. या आजारात सापडलेले पिल्लू एरवी फार दिवस तग धरत नाही. हे मात्र आजारी पडल्यानंतरही कित्येक आठवडे जगले. याचा अर्थ कुणीतरी त्याला ऊब दिली असणार, पाणी पाजले असणार, त्याची घाण काढली असणार, असे संशोधकांना वाटते. त्या पिल्लाचा शिकारीला उपयोग नव्हता, राखणीलाही नव्हता. तरीही, ज्या काळात माणसाला स्वतःचे पोट भरण्याची भ्रांत होती, त्या काळात कुणीतरी त्याच्यासाठी रात्री जागवल्या.

पाळीव प्राणी आपल्याला काय देतात, याविषयी बोलताना मला नेहमी हे पिल्लू आठवते. ते आपल्यावर निरपेक्ष प्रेम करतात, असे आपण सहजपणे म्हणतो आणि ते खरेही आहे. पण माझ्या मते त्यांचे खरे देणे वेगळे आहे. आपल्यावाचून ज्याचे अडेल असा एक जीव ते आपल्या घरात आणून ठेवतात.

हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत अगदी जवळून पाहिले. आई गेल्यानंतर त्यांचे सगळेच थंडावले होते. उठण्याची वेळ राहिली नाही, जेवणाची शुद्ध राहिली नाही. फिरायला चला म्हटले की "आज नको" हे उत्तर ठरलेले. घरात आईच्या वेळचा एक कुत्रा होता. तो सकाळी साडेपाचला त्यांच्या पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकून, हूं की चूं न करता, नुसता त्यांच्याकडे पाहत उभा राहायचा. आम्ही दहादा सांगून जे झाले नाही, ते त्या पाहण्याने झाले. त्याला बाहेर न्यायचे म्हणून वडील उठू लागले, चपला घालू लागले. रस्त्यात भेटणारी मुले कुत्र्याचे नाव विचारू लागली, थोरली माणसे त्याचे वय विचारू लागली, आणि ज्यांनी महिनोन्‌महिने कुणाशी चार शब्द बोलले नव्हते, ते वडील रोज सकाळी कुणाकुणाशी बोलून घरी येऊ लागले. त्यांचे दुःख त्यामुळे हलके झाले, असे मी म्हणणार नाही. दिवसाला सुरुवात मात्र मिळाली.

शास्त्रज्ञांनाही या नात्याचे कुतूहल वाटत आले आहे. अमेरिकेत १९८० साली एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या एका वर्षात, घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ जण दगावले, तर प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११ जण. हे आकडे विलक्षण आहेत, पण ते जपून वापरायला हवेत. पाहणी लहान होती, आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांतून असा निष्कर्ष निघालेला नाही. शिवाय ज्यांची तब्येत बरी आहे, हातात पैसा आणि वेळ आहे, अशीच माणसे प्राणी पाळण्याची शक्यता अधिक असते. मग तब्येत प्राण्यामुळे चांगली की चांगल्या तब्येतीमुळे घरात प्राणी, हे ठरवणे अवघड होते. जपानमधील संशोधकांचे २०१५ सालचे निरीक्षण मला अधिक बोलके वाटते. कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात जे संप्रेरक काम करते, तेच हे. माणसांनी लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसे आढळले नाही. पलंगाच्या कडेवरची ती हनुवटी मला त्यानंतर अधिक समजली.

पण हा जीव सर्वस्वी आपल्यावर अवलंबून असतो, म्हणूनच एकट्या माणसाच्या हाती, त्याला न विचारता, औषध म्हणून एखादे पिल्लू ठेवणे मला मान्य नाही. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो, मांजर बहुधा त्याहून अधिक, आणि मोठ्या जातीचे काही पोपट कित्येक दशके. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी लागते, आजारपणाचा खर्च सोसावा लागतो, गावाला जाताना त्याला कुणाकडे ठेवायचे याची सोय पाहावी लागते. ज्याच्या अंगात स्वतःचे करण्याचेही त्राण उरलेले नाही, त्याच्यावर हा भार टाकला तर माणूस आणि प्राणी दोघांचेही हाल होतात. अशा वेळी शेजारच्या मांजराला दिवसातून एकदा खाऊ घालण्याचे काम मागून घेणेही पुष्कळ असते.

आणि एक दिवस तो जीव आपल्या आधी जातो. आमचा कुत्रा गेला, त्यानंतर कितीतरी दिवस वडील सकाळी उठून त्याच्या वाडग्यात पाणी भरत आणि मग भानावर येऊन ते झाडांना घालत. भेटायला येणारे म्हणत, "दुसरा आणा." त्यांचा हेतू चांगला होता, पण ते ऐकून वडील आणखी गप्प होत. एके दिवशी, रोज वाटेत भेटणारा एक शाळकरी मुलगा घरी आला आणि त्याने विचारले, "आजोबा, तो लहान असताना कसा होता?" वडील खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि तासभर सांगत राहिले.

नमस्कार.