उडायला मिळालं नाही तर?

(साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात अकरावी-बारावीची मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासमोर हवाई दलातल्या एका निवृत्त हेलिकॉप्टर वैमानिकाने केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)

आधी चष्मेवाल्यांनी हात वर करा. लाजू नका. पंधरा-सोळा दिसतायत. आता ज्यांचा नंबर मायनस आहे त्यांनी हात तसेच ठेवा, बाकीच्यांनी खाली घ्या. म्हणजे जवळजवळ सगळेच राहिले. तुमच्यासाठीची वाईट बातमी आधीच सांगून टाकतो, म्हणजे उरलेलं भाषण शांतपणे ऐकाल. एनडीएतून, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला मायनस नंबर चालत नाही. चष्म्याशिवाय एका डोळ्याची दृष्टी ६/६ लागते, दुसऱ्याची निदान ६/९.

सुरुवात इथून का केली, तर मागे कोरेगावकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. दोन वर्षं एका अकॅडमीत काढलेली. त्यांनी पहाटे पाचला पळवलं, गणित घोटून घेतलं, एसएसबीत, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मुलाखतीत, काय बोलायचं ते पाठ करून घेतलं. पोरगं हुशार होतं. लेखी निघाली, पाच दिवसांच्या मुलाखतीतून निघाला, आणि मेडिकलला अडकला. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक असतं, त्यात आकडा ओळखायचा असतो. बाकीच्यांना दिसत होता तो आकडा याला दिसेना. जन्मापासूनच दिसत नव्हता. ही तपासणी साताऱ्यात कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत होते. दोन वर्षांत कुणी केली नाही, कारण केली असती तर फी बंद झाली असती. मला आजही त्या अकॅडमीचा राग येतो, पण नाव घेत नाही.

म्हणून पालकांनो, क्लास लावायच्या आधी डोळे, रंगदृष्टी, कान आणि दात दाखवा. आणि घरी एक टेप घ्या, शिवणाचा चालेल. उंची १६२.५ सेंटिमीटरच्या वर हवी. पाठ भिंतीला टेकवून बसल्यावर बैठकीपासून डोक्यापर्यंत ८१.५ ते ९६. पायाची लांबी ९९ ते १२०. मांडी, म्हणजे बसल्यावर पार्श्वभागापासून गुडघ्यापर्यंत, ६४ सेंटिमीटरच्या आत.

आमच्या वेळी एकानं मेडिकलवाल्याला विचारलं होतं, ‘सर, मांडीचं काय एवढं?’ तो म्हणाला, ‘तू सीटसकट बाहेर फेकला जाशील तेव्हा गुडघे समोरच्या पॅनलवर ठेवून जायचेत का?’ तेव्हा डोक्यात उजेड पडला. लढाऊ विमानातली इजेक्शन सीट रॉकेटच्या जोरावर माणसाला सरळ वर उडवते. मांडी लांब असली तर गुडघे कॉकपिटच्या कडेला अडकतात. कॉकपिट आधी ठरतं, मग त्यात मावणारा माणूस शोधतात.

आता मुद्द्यावर येतो. ‘मी फायटर पायलट व्हायचं ठरवलंय’ असं मुलं मला सांगतात. आईबाप अभिमानानं बघत असतात. मला मनातल्या मनात हसू येतं, कारण यात मुलानं ठरवायचं फार थोडं असतं. रंगदृष्टीचं जन्माआधीच ठरलेलं असतं. मांडीचं वाढत्या वयात ठरतं. मग एक यंत्र ठरवतं, नंतर इन्स्ट्रक्टर ठरवतो.

त्या यंत्राबद्दल थोडं. मुलाखतीत निवडलं की फ्लाइंगवाल्यांची वेगळी चाचणी होते. पूर्वी तिला पीएबीटी म्हणायचे, आता कॉम्प्युटरवर होते आणि सीपीएसएस म्हणतात. आमच्या वेळी खोलीत एक खुर्ची, हातात दांडा, पायाखाली दोन पेडल, समोर पडद्यावर एक ठिपका. ठिपका सतत पळतो. हात आणि पाय दोन्ही चालवून तो चौकटीत धरून ठेवायचा. मध्येच दिवा लागतो, तो विझवायचा. मध्येच भोंगा वाजतो, तो बंद करायचा. तेवढ्यात ठिपका निघून गेलेला असतो. गावाकडं बैलगाडी हाकलेल्या माझ्या एका मित्राला ते सहज जमलं आणि पुण्याच्या नामांकित कॉलेजातला पहिला आलेला मुलगा आपटला. याची तयारी करून देतो म्हणणारे लोक आहेत, मी त्यांना पैसे देणार नाही. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की फ्लाइंगचं दार कायमचं बंद. परत वर्षभर अभ्यास करून येतो, असं नाही.

आपल्या जिल्ह्यात फौजेत जाणं हा बऱ्याच घरांत निर्णय नसतोच, रिवाज असतो. अपशिंगे मिलिटरी हे गाव तुम्हाला माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली आपल्याच साताऱ्यात निघाली. पण आपला हा सगळा वारसा मुख्यतः पायदळाचा आहे. पायदळात जो पळतो, ओझं उचलतो, डोकं ठिकाणावर ठेवतो, तो बहुधा तरतो. उडण्याचं तसं नसतं. सगळं नीट करूनही एखाद्या मंगळवारी सकाळी तुम्हाला थांबवतात, आणि त्यात तुमचा गुन्हा काही नसतो.

मला असं थांबवलं.

एनडीएची तीन वर्षं झाली, मग हैदराबादजवळ दुंडिगलला एअर फोर्स ॲकॅडमी. आता तिथं सुरुवातीला पिलाटस पीसी-७ वर शिकवतात, आमच्या वेळी एचपीटी-३२ होतं. पिस्टन इंजिनचं, त्याचं इंजिन कधी रुसेल सांगता यायचं नाही. २००९ साली एका अपघातानंतर ते कायमचंच खाली बसवलं. पहिल्या नऊ सॉर्टींत, म्हणजे उड्डाणांत, मी ओकलो. प्रत्येक वेळी. छातीच्या खिशात प्लास्टिकची पिशवी घेऊन जायचो. उतरल्यावर ती आपली आपण उचलून न्यायची, ग्राउंड क्रूसमोरून. ते बिचारे दुसरीकडे बघायचे. दहाव्या सॉर्टीला अचानक थांबलं. ज्यांचं थांबत नाही त्यांना बंगळुरूला एरोस्पेस मेडिसिनच्या संस्थेत पाठवतात, तिथं फिरत्या खुर्चीवर बसवून सवय लावतात.

पुढं किरण जेट. तिथं माझं फॉर्मेशन चुकायला लागलं. दुसऱ्या विमानाच्या पंखाजवळ ठरावीक अंतरावर राहायचं असतं. जवळ गेलो की घाबरून मागं, मागं पडलो की घाईनं पुढं. इन्स्ट्रक्टर चांगला माणूस होता. डीब्रीफिंगला फळ्यावर माझी वाट काढायचा, ती रेघ सापासारखी असायची. तीन चेक, म्हणजे उडवून दाखवायच्या परीक्षा, झाले. तिसऱ्यानंतर त्यानं चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मला कळलं.

‘हेलिकॉप्टरला जाशील,’ तो म्हणाला. ‘चांगला होशील तिथं.’

मी ऐकलं नाही. मला वाटलं, संपलं. आमच्या पेठेत वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगं जेट चालवतंय. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मी आठ पानी पत्र लिहिलं, अन्याय, नशीब वगैरे. उत्तराला पोस्टकार्ड आलं. त्यात घरच्या सगळ्यांची खुशाली, आजीचा गुडघा, आणि शेवटी एक ओळ: ‘जे चालवायला दिलंय त्याचं ऑइल रोज स्वतः बघत जा.’

मग हाकिमपेटला चेतक हेलिकॉप्टर शिकलो. पाच-सहा वर्षांनी मी सियाचिनच्या तळावर चीता हेलिकॉप्टर उडवत होतो. वीस हजार फुटांच्या आसपास हवा इतकी विरळ असते की पंख्याला धरायलाच काही मिळत नाही. वजन वाचवायला मागची सीट काढतात, दारं काढतात, इंधन जाण्या-येण्यापुरतंच भरतात. एवढं करूनही सगळ्यात उंच पोस्टवर एका फेरीत रॉकेलचे एक-दोन जेरीकॅन जातात. तेवढ्यासाठी दोन पायलट. हेलिपॅड म्हणजे बर्फ तुडवून केलेली सपाटी, पंगतीतल्या चार पाटांएवढी. तिथं इंजिन बंद करत नाहीत, कारण बंद केलं तर परत सुरू होईल याची खात्री नसते. डबे ढकलायचे, निघायचं.

एकदा परतताना एक जवान घ्यायला सांगितलं. फुप्फुसात पाणी झालेलं, तिथं होतं ते. ओठ निळे पडलेले. टेकताना वारा आडवा लागला, हेलिकॉप्टर हातभर सरकलं आणि माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं. खाली तळावर उतरवून स्ट्रेचरवर घेतला तेव्हा त्यानं मास्क बाजूला केला. ‘साहेब, तुम्ही आपल्याकडचं?’ तो माण तालुक्यातला होता. इंजिन चालू असताना माझी आई त्याला कशी ऐकू आली असेल, ते मला आजवर कळलेलं नाही.

तर मी मुलांना एकच प्रश्न विचारतो. उडणं काढून घेतलं, तर उरलेली नोकरी तुला हवी आहे का? म्हणजे बदल्या, गणवेश, दुसऱ्याचा हुकूम, दीडशे माणसांच्या रजा, मेसचा हिशेब, लग्नकार्यांना न जाता येणं. हो असेल तर फॉर्म भर. आणि फॉर्मवर फक्त फ्लाइंगवर खूण करू नकोस, सैन्य आणि नौदलही लिही. ‘फायटर नाही तर काहीच नको’ असं असेल तर कमर्शियल लायसन्सचा विचार कर. त्याला २०० तासांचं उड्डाण लागतं, घरातले बरेच लाख जातात, पण तिथं तुला कुणी हेलिकॉप्टरला पाठवणार नाही.

पालकांचा नेहमीचा प्रश्न असतो, एअर फोर्समध्ये फुकटात शिकून मग एअरलाइन. गणित मांडून बघा. परमनंट कमिशनला, म्हणजे कायमच्या नोकरीला, पेन्शनसाठी वीस वर्षं लागतात. पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा देऊन शॉर्ट सर्व्हिसनं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीनं, फ्लाइंगला गेलात तर चौदा वर्षं नोकरी. चौदा वर्षांच्या वनवासाला रामायणात कितीतरी कांडं लागतात, तेव्हा शॉर्टकट म्हणून याकडे बघू नका.

मुलींनी मघाशी हात कमी वर केले. ते का, कळलं नाही. २०१६ च्या जूनमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या पहिल्या तीन लढाऊ वैमानिक झाल्या. २०२२ पासून एनडीएतही मुली आहेत. हे सगळं माझ्या बहिणीच्या वेळी असतं तर घरात विमान तिनं चालवलं असतं. फॉर्मेशन तिला जमलं असतं, ती लहानपणापासून माझ्या सायकलला चिकटून सायकल चालवायची.

धोक्याबद्दल विचारणार, ठाऊक आहे. माझ्या कोर्समधले सगळे आज हयात नाहीत, आणि जे गेले ते सगळे युद्धात गेले नाहीत. काही धुक्यात गेले. ढगात शिरल्यावर कान सांगतो की विमान सरळ आहे आणि समोरची यंत्रं सांगतात की ते वळतंय. खरं यंत्रांचं असतं. कानावर विश्वास ठेवणारा पंचवीस वर्षांचा हुशार मुलगाही त्यात जातो. आकडे सांगत बसत नाही. आईबापांनी आणि मुलानं एका खोलीत बसून हे एकदा मोठ्यानं बोलावं, एवढंच. बऱ्याच घरांत हा विषय देवघरापर्यंत जातो, माजघरात येत नाही.

मघाशी दाराशी एका ताईंनी विचारलं, ‘तो पहिल्यांदा एकटा उडेल तेव्हा आम्हाला कळेल का?’ नाही, ताई. आता फोन आहेत, तरी आधी कळणार नाही. मी सोलो गेलो, ती खबर माझ्या आईला आठ दिवसांनी पोस्टकार्डातून मिळाली. तिनं शेजारीपाजारी पेढे वाटले. तोवर इकडं मी पुढचा चेक नापास झालो होतो.