किती झाकणं?

मंडळी, सत्कार, नारळ आणि परत सत्कार, यात पाऊण तास गेला. पत्रिकेत माझा विषय ‘मेंढ्यांचं शास्त्रोक्त जंतनियंत्रण’ असा छापलाय. शास्त्राकडे येतो, आधी झाकणाकडे. साक्री असो की पारोळा, जंताची बाटली घेतली की दुकानदाराला आपला एकच प्रश्न: किती झाकणं? मिलीत विचारणारा अजून भेटायचाय.

मीही झाकणवालाच. कपाशीच्या बांधाला २२ मेंढ्या. पहिल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एकेक झाकण पाजलं नि निवांत झालो. नवरात्रात एक मेंढी मागे राहायला लागली. जबड्याखाली सूज, बोट दाबलं तर कणकेसारखा खड्डा. लेंड्या मात्र गोळीबंद! हगवण नाही तर जंत कसले, हा माझा हिशोब. वाड्यावरून जाणारी मेंढपाळ ठेलारी समाजाची एक आजी थांबली आणि म्हणाली, “आधी तिना डोया दख.” खालची पापणी ओढली. लाली हवी तिथे ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा. (ठेलारी मंडळी इथे बसलीत, त्यांना मी काय शिकवणार? हसा, पण खरं आहे.)

दोन दिवसांत मेंढी गेली. डॉक्टरांनी चौथं पोट उघडलं, तर आत केसासारखे, दोन-अडीच सेंटिमीटरचे, तांबडा-पांढरा पीळ दिलेले किडे वळवळत होते. या जंताचं नाव हिमोन्कस. एक किडा दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त पितो. हजार किडे असले तर रोज ५० मिली, म्हणजे एक कटिंग चहा. पाजतं कोण? आपली मेंढी.

घरी येऊन झाकण मोजलं. ५ मिली. जंताचं औषध होतं अल्बेंडाझोल, २.५ टक्क्यांचं, म्हणजे १ मिलीत २५ मिलिग्रॅम. किलोमागे ७.५ मिलिग्रॅम धरा, ३० किलोच्या मेंढीला ९ मिली लागतं. मी निम्मंच पाजलं होतं. नाजूक किडे मेले, दांडगे उरले, आणि एकेक मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. दांडग्यांचं बियाणं मीच तयार केलं की!

मग वजन कसं करायचं? अहो, कापूस वेचणाऱ्या बायांचा हिशोब आपण किलोवरच करतो ना? तो ताणकाटा खुंटीला आहेच. गोणपाटाचा झोका करा, मेंढी लटकवा. बायको म्हणाली, आता हिलाही मजुरी द्या.

...काय? पाच मिनिटं? बरं, आता शास्त्र उरकतो.

सगळ्या कळपाला सरसकट पाजू नका. पापणी फिकट त्यांनाच द्या. धडधाकटांच्या पोटात औषधाला बळी पडणारे किडे राहू द्या, म्हणजे दांडग्यांचंच राज्य होत नाही. नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही, बाटलीवरचा घटक वाचा. गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको. तोंड आभाळाकडे करून ओतू नका, ठसका लागून औषध फुप्फुसात जातं. सिरिंजची सुई काढा, गालाच्या कडेने जिभेच्या मागे हळू सोडा. दव सुकल्यावर चरायला सोडा, ओल्या गवतावर अळ्या वर चढलेल्या असतात. विकत आणलेली मेंढी काही दिवस वेगळी बांधा. औषधानंतर १०-१४ दिवसांनी ताज्या लेंड्या दवाखान्यात तपासून घ्या, औषध चाललं की नाही ते कळेल.

चहा आलाच वाटतं. काटा गाडीत ठेवलाय. झोका कसा बांधायचा ते बघायचं असेल तर या, फक्त मेंढी तुमची आणा.