अर्ध्या घराला लस

(दृश्य: भायखळा तुरुंगाची भिंत. बाहेर रहदारी.)

३० जानेवारी १८९७. मुंबईत चार महिने प्लेग धुमसतोय. मांडवीत सुरू झालेली साथ भायखळ्याच्या या तुरुंगात शिरली आहे. कैद्यांना पळून जायला वाव नाही. सगळे एकच अन्न खातात, एकाच छपराखाली झोपतात. ज्याला लस तपासायची आहे, त्याच्या दृष्टीनं याहून योग्य जागा नाही. आणि संमतीचा प्रश्न याहून अवघड असेल अशीही जागा नाही. स्वेच्छेनं पुढे या, असं त्या दिवशी कैद्यांना सांगितलं गेलं. पण दाराला बाहेरून कुलूप असताना दिलेल्या होकाराला स्वेच्छा किती म्हणायचं, हे या गोष्टीत कायम लक्षात ठेवायला हवं.

लस घेऊन आलेला माणूस म्हणजे वाल्देमार हाफकिन. ओडेसाचा, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला. ऑक्टोबर १८९६ मध्ये तो मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि मोजके मदतनीस एवढ्यावर तीन महिन्यांत त्यानं लस तयार केली. १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली, १० घन सेंटीमीटर. पुढे मोठ्या माणसांना दिली जाणारी मात्रा याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी होती. त्याला ताप आला, अंग ठणकलं, पण काम थांबलं नाही.

(दृश्य: काचेचा चंबू. वर तरंगणारे तुपाचे थेंब.)

लस कशी बनायची ते नीट पाहू, कारण पुढे संशय याच कृतीवर येणार आहे. चंबूत मांसाचा रस. मांस बकऱ्याचं, कारण गाय आणि डुक्कर दोन्ही टाळायचे होते. रसावर तुपाचे थोडे थेंब सोडायचे आणि त्यात प्लेगचे जंतू पेरायचे. तुपाच्या थेंबाला धरून जंतू वाढतात आणि पागोळ्यांसारखे खाली लोंबतात. चंबूला जराही धक्का लागता कामा नये, लागला तर पागोळ्या तुटून तळाशी बसतात. मग काही दिवसांनी चंबू मुद्दाम हलवायचा, आधीचं पीक पाडायचं आणि नवं येऊ द्यायचं. असं साधारण सहा आठवडे. या पागोळ्यांचा दुसरा उपयोग शुद्धतेच्या खात्रीसाठी. वाढ अशी लोंबती दिसली नाही, तर आत दुसराच जंतू शिरला असल्याची शंका घ्यायची. शेवटी ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल, म्हणजे जंतुनाशक, घालायचं.

तुरुंगात १५४ जण पुढे आले. पुढच्या साधारण आठवड्याचा हिशोब असा: न टोचलेले सरासरी १७२, त्यांत आजारी १२, मृत्यू ६. टोचलेले सरासरी १४७, आजारी २, मृत्यू एकही नाही.

आकडे डोळ्यांत भरतात, पण त्यांच्या पोटात एक निर्णय दडलेला आहे. टोचल्याच्या त्याच दिवशी टोचलेल्यांपैकी तिघांना प्लेग झाल्याचं दिसलं आणि ते तिघेही गेले. रोग त्यांच्या अंगात आधीच होता, म्हणून पहिल्या दिवसाचे रुग्ण हिशोबाबाहेर ठेवले गेले. हे कारण पटण्यासारखं आहे. तरीही हे तिघे धरले, तर टोचलेल्यांतले मृत्यू शून्यावरून तीनवर जातात. कुणाला मोजायचं आणि कुणाला वगळायचं हे आकडे हाती येण्याआधी ठरलं पाहिजे, ते एवढ्यासाठीच. नंतर ठरवणारा माणूस कितीही प्रामाणिक असो, त्याला उत्तर दिसलेलं असतं.

दुसरा दोष जास्त खोल आहे. पुढे आले ते कोण? कदाचित धडधाकट असलेले, कदाचित ज्यांच्या बराकीत अजून रोगी निघाला नव्हता ते. मारलेल्या जंतूंच्या लशीनं शरीराची तयारी व्हायला दिवस लागतात. फरक पहिल्याच आठवड्यात दिसत असेल, तर तो सगळा लशीचाच आहे असं म्हणता येत नाही.

(दृश्य: बडोद्याजवळचा रस्ता. उंडेरा.)

फेब्रुवारी १८९८. बडोदा संस्थानातलं उंडेरा गाव. गावात प्लेग आहे. इथे हाफकिननं जे केलं, ते आमच्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम. इथे त्यानं ‘कोण तयार आहे’ हा प्रश्न सोडून दिला. गावाच्या खानेसुमारीची यादी घेतली आणि एकेका घराला बोलावलं. प्रत्येक घरातल्या अर्ध्या माणसांना टोचलं आणि अर्ध्यांना तसंच ठेवलं. वय, स्त्री-पुरुष, प्रकृती या बाबतींत दोन्ही बाजू होता होईल तो सारख्या राहतील अशी वाटणी केली. आता दोन्ही गटांचं छप्पर एक, चूल एक, उंदीरही तेच.

काही आठवड्यांनी घरोघर जाऊन मोजणी झाली. प्लेग २८ कुटुंबांत शिरला होता. या घरांतले टोचलेले ७१, आजारी ८, मृत्यू ३. न टोचलेले ६४, आजारी २७, मृत्यू २६.

सव्वीस. एकाच ओसरीवरची माणसं. लस असूनही यांना ती का दिली नाही, हा प्रश्न मनात येतोच आणि तो यावाच. लस चालते की नाही हे त्या दिवशी खरोखर कुणाला माहीत नव्हतं, एवढाच त्याचा आधार. हे अज्ञान खरं असेल तोवरच अशी वाटणी करता येते.

एक कमतरता उरलीच. वाटणी माणसाच्या हातात होती. घरातलं कोण टोचायचं हे नजरेनं ठरत होतं, आणि पुढे आजारी माणसाला पाहणाऱ्याला तो टोचलेला आहे की नाही हे कळू शकत होतं.

(दृश्य: रिकामी कुपी, चिमटा, स्पिरिटचा दिवा.)

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुलकोवाल. १०७ जणांना पाच कुप्यांतून लस दिली. त्यांतल्या ५३-एन या एका कुपीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं मेले. त्या सुमारास मुंबईत लस बनवण्याची कृती बदलून कार्बोलिक वगळलं होतं. म्हणून बोट प्रयोगशाळेकडे वळलं आणि हाफकिनला कामावरून दूर केलं गेलं. साक्षीत मात्र निघालं, की कुपी उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून वापरला होता. धनुर्वाताची बीजं मातीत असतात आणि अशा बुडवण्यानं ती मरत नाहीत. शिवाय उघडल्यावर कुपीला दुर्गंध नव्हता. आत धनुर्वाताचे जंतू कित्येक आठवडे वाढत असते, तर तो आला असता. १९०७ मध्ये मलेरिया डासांतून पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे हाफकिनवरचा डाग पुसला गेला.

(दृश्य: पुणे जिल्हा, वढू. सकाळ. बाळाला घेऊन आलेली आई.)

२०११. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचं वढू. रोटाविषाणूच्या जुलाबावरची रोटाव्हॅक लस, ६,७९९ बाळं. इथे वाटणी कुणाच्या नजरेवर नाही, यादृच्छिक क्रमावर आहे. दोघांना लस, तर एकाला दिसायला तसाच पण लस नसलेला द्राव. बाळाला काय मिळालं हे आईलाही माहीत नाही आणि देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. वयाच्या ६, १० आणि १४ व्या आठवड्यात तोंडावाटे अर्धा मिलीलीटर. त्याआधी जठरातलं आम्ल शमवणारा द्राव, नाहीतर लशीतला जिवंत विषाणू आतड्यात पोचण्याआधीच मरेल. नेहमीच्या लशी दोन्ही गटांना मिळतात. बाळाला जुलाब झाले की मलाचा नमुना. त्यात विषाणू सापडला तरी काम संपत नाही. तो बाहेरून आलेला आहे की लशीतलाच बाहेर पडतोय, हे वेगळं तपासावं लागतं. हे राहिलं, तर लशीचाच विषाणू तिच्या अपयशात मोजला जाईल.

गंभीर जुलाबाचे प्रसंग लशीच्या गटात ७१ आणि दुसऱ्या गटात ७६. ऐकताना वाटतं, फरकच नाही. पण लशीचा गट दुप्पट मोठा आहे. त्याची देखरेख ४,७५२ बालवर्षांची (एका बाळावर वर्षभर लक्ष म्हणजे एक बालवर्ष), दुसऱ्याची २,३६०. म्हणजे शंभर बालवर्षांमागे इकडे दीड, तिकडे सव्वातीनच्या जवळ. परिणामकारकता ५३.६ टक्के.

आतड्यात आतडं शिरण्याचा धोका मात्र एवढ्या बाळांत नीट कळत नाही. असे प्रसंग लशीच्या गटात ६ आणि दुसऱ्यात २ झाले, पण इतक्या थोड्या प्रसंगांवरून निष्कर्ष काढता येत नाही. अमेरिकेत १९९८ साली आलेली रोटाशील्ड लस याच कारणानं पुढच्याच वर्षी मागे घ्यावी लागली होती, आणि तो धोका स्पष्ट झाला तो ती सर्रास वापरात आल्यावर. म्हणून २०१६ मध्ये भारताच्या लसीकरण कार्यक्रमात रोटाविषाणूची लस आली, तेव्हा आतडं अडकून दाखल होणाऱ्या बाळांची नोंद रुग्णालयांनी ठेवली. कोणतं बाळ, कोणता डोस, किती दिवसांपूर्वी.