सरड्याची धाव

श्रोतेहो, नमस्कार.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' असं आपण कुणाला तरी हिणवताना म्हणतो. आज ज्या सरड्याबद्दल बोलणार आहे, त्याचं कुंपण काचेचं होतं. मोटारीत मागे ठेवलेली एक काचेची पेटी. तिच्यात प्लॅस्टिकचं माडाचं झाड, किल्लीचा मासा, मुंडकं नसलेली बाहुली आणि हा पाळीव शॅमेलिऑन, म्हणजे आपल्याकडे घोयरा म्हणतात तसला रंग बदलणारा सरडा. करमत नाही म्हणून हा गडी त्या मुक्या मंडळींना घेऊन नाटक बसवतोय. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, नायकही अर्थात तोच. तेवढ्यात मोटारीला हिसका बसतो, पेटी उडते, रस्त्यावर आपटून फुटते, आणि आमचे नटवर्य मोहावी वाळवंटातल्या तापलेल्या डांबरावर एकटेच उभे!

हा २०११ सालचा 'रँगो'. दिग्दर्शक गोर व्हर्बिन्स्की, सरड्याला आवाज जॉनी डेपचा. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं.

'वेस्टर्न' म्हणजे काय, हे जुन्या इंग्रजी पिक्चरच्या शौकिनांना सांगायला नको. एकच रस्ता असलेलं धुळीचं गाव, ढकलली की मागं-पुढं झुलणारी दारूच्या गुत्त्याची अर्धी दारं, टोपी, पिस्तूल, भर दुपारी समोरासमोर उभे राहिलेले दोघं. या साच्यात माणसांऐवजी जनावरं घातली की बरेच जण 'पोरांसाठी केलेली नक्कल' म्हणून सोडून देतात. मीही सोडून दिलं होतं. आता मला वाटतं, जनावरं आली तेव्हाच वेस्टर्नला आपण काय विसरलो होतो ते आठवलं.

बघा ना. जुन्या वेस्टर्नमध्ये जनावरं कमी होती का? पडदाभर गुरं असायची. टेक्ससमधून निघालेले कळप, शेकडो कोस चालून रेल्वेच्या स्टेशनापर्यंत जाणारे, धुळीचे लोट. पण त्यातल्या एका तरी गाईला नाव असायचं? घोडा गोळी लागून कोसळायचा, नायक कपडे झटकून उठायचा, आणि घोड्याचं पुढं काय झालं हे कुणी विचारायचं नाही. गोष्ट माणसांची, जनावरं म्हणजे नेपथ्य. डिस्नेच्या २००४ सालच्या 'होम ऑन द रेंज'मध्ये तीन गाई लिलावात निघालेलं आपलं शेत वाचवायला निघतात. कर्ज साडेसातशे डॉलरचं, आणि गुरं पळवणाऱ्या चोराच्या डोक्यावर इनामही नेमकं तेवढंच. हा चोर बंदुकीनं गुरं नेत नाही, आलाप घेऊन नेतो. स्विस गुराख्यांसारखं योडलिंग करतो आणि गाई भारल्यासारख्या त्याच्या मागून चालू लागतात. कल्पना झकास, पिक्चर बेताचा. विनोद फार ओरडून करतात.

'स्पिरिट' हा एका रानघोड्याचा पिक्चर, २००२ सालचा. त्यातले घोडे बोलत नाहीत. खिंकाळतात, फुरफुरतात, कान मागे टाकतात, बस्स. घोडदळाच्या छावणीत त्या रानघोड्याच्या पाठीवर खोगीर चढवायला एकामागून एक शिपाई येतात आणि एकामागून एक धुळीत पडतात. जुन्या पिक्चरमध्ये हे घोडदळ ऐन वेळी बिगूल वाजवत यायचं आणि आपण टाळ्या वाजवायचो. इथं तेच घोडदळ घोड्याच्या डोळ्यांतून दिसतं, म्हणजे लगाम, चाबूक आणि डाग देण्याची सळई. टाळी वाजवायला हात उचलत नाही. मात्र निर्मात्यांना आपल्याच घोड्यावर भरवसा नव्हता बहुतेक. मधूनमधून मॅट डेमनच्या आवाजात त्याचं मनोगत ऐकवतात. ते नसतं तर पिक्चर दुप्पट चांगला झाला असता, असं माझं मत. (जाता जाता एक गंमत. अमेरिकेत घोडे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झाले होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते जहाजांतून परत आणले. म्हणजे ज्याला आपण त्या माळरानाचा मूळ मालक समजतो, तो मस्टँग, म्हणजे तिथला रानघोडाही, बाहेरून आलेलाच.)

आणि एक म्हातारा कुत्रा. १९९१ सालच्या 'फिव्हल गोज वेस्ट'मध्ये रशियातून न्यूयॉर्कला आलेलं उंदरांचं कुटुंब पश्चिमेकडे निघतं, कारण तिकडे मांजरं आणि उंदीर गुण्यागोविंदानं राहतात अशी थाप त्यांना मांजरांनीच मारलेली असते. मांजरांचा खरा बेत उंदरांचे बर्गर करण्याचा. जमिनीच्या आशेनं गाडीत बसलेल्या माणसांनाही असंच कुणी कुणी फसवलं होतं, ते या थापेत बरोबर उतरलंय. त्या गावात एक थकलेला शेरीफ कुत्रा आहे, त्याचा आवाज जेम्स स्टुअर्टचा. तरुणपणी ज्यानं स्वतः वेस्टर्न गाजवले, तो नट त्र्याऐंशीव्या वर्षी माइकसमोर बसला आणि थांबत थांबत, शब्द चघळत बोलला. पिक्चरमधलं त्याचं हे शेवटचं काम. एका भित्र्या बोक्याला तो नजर कशी रोखायची ते शिकवतो. मी तो प्रसंग डोळे मिटून ऐकला आहे. आवाजातच सगळी दमणूक आहे.

आवाजाचा विषय निघालाच आहे, तर पुन्हा रँगोकडे जाऊ. ॲनिमेशनमध्ये साधारणपणे एकेक नट बंद खोलीत येऊन आपापले संवाद बोलून जातो. व्हर्बिन्स्कीनं सगळ्यांना एकत्र बोलावलं. डोक्यावर टोप्या, कमरेला पट्टे, हातात खोट्या बंदुका. पळायचं असेल तर खरंच पळायचं, धापा लागल्या तर लागू द्यायच्या, आणि माइक त्यांच्या मागून. आम्हा रेडिओवाल्यांना हे ऐकून बरं वाटतं. एका माइकभोवती उभं राहून, कागद वाजू न देता श्रुतिका केलेल्यांना ठाऊक असतं, की समोरच्याचा श्वास ऐकू आला की आपलं वाक्य बदलतं. चित्रं मागाहून केली इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकनं. जॉर्ज लुकसनं १९७५ साली काढलेल्या या कंपनीचा हा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. उजेड कसा पडावा हे सांगायला रॉजर डीकिन्स हा नामांकित कॅमेरामन सल्लागार होता. म्हणूनच त्या पिक्चरमधलं ऊन बघताना घसा कोरडा पडतो.

तर हा सरडा 'डर्ट' नावाच्या गावात येतो. गुत्त्यात शिरतो. सगळे वळून बघतात. घूस, बेडूक, पाल, घुबड, कुणाचा डोळा गेलेला, कुणाची कातडी सोललेली. एकही गोंडस नाही, हे मला फार आवडतं. विचारतात, तू कोण? आणि आयुष्यभर काचेत राहिलेल्या या प्राण्याकडे उत्तरच नसतं. हातातल्या निवडुंगाच्या दारूच्या बाटलीवर छापलेलं असतं, 'ड्युरँगो'. त्यातला पुढचा 'ड्यु' खाऊन टाकतो आणि म्हणतो, मी रँगो. मग सुटतोच. आवाज खाली, कंबर वाकडी, सात भावांना एकाच गोळीत मारलं म्हणून थाप. बतावणी रंगते आणि गाव त्याला शेरीफ करून टाकतं. रंग बदलणं हाच ज्याचा जन्मजात धंदा, त्याला नेमकं अशा मुलखात आणून टाकलं जिथं टोपी आणि चाल बघून माणसाची किंमत ठरते. इथं माणूस घेतला असता तर तो नुसता लबाड वाटला असता. सरडा आहे म्हणून त्याच्या लबाडीत एक केविलवाणेपणा येतो.

जनावर निवडण्यात किती डोकं लावलंय, ते खलनायकापाशी कळतं. रॅटलस्नेक जेक. डोक्यावर काळी टोपी आणि शेपटीच्या टोकाला खुळखुळ्याऐवजी फिरत्या नळ्यांची तोफ. त्याला सगळे घाबरतात. तो मात्र फक्त ससाण्याला घाबरतो, कारण साप कितीही मोठा बंदूकबाज झाला तरी शेवटी सापच. आणि रँगोच्या हातून एक ससाणा निव्वळ अपघातानं मेलेला आहे! सगळा पेच या एका साध्या निसर्गनियमावर तोललाय.

पण मला धरून ठेवलं ते पाण्यानं. डर्ट गावात पैशाऐवजी पाणी चालतं. बँक आहे, तिच्या तिजोरीत पाण्याची एक बाटली, ऑफिसात थंड पाण्याच्या यंत्रावर उपडी घालतात तसली. दर बुधवारी दुपारी सगळं गाव भांडी घेऊन, नाचत, भजन म्हटल्यासारखं एका भल्यामोठ्या नळापाशी जातं. एकदा नळ फिरवतात, तर चिखलाचा गोळा पडतो. पुढं कळतं, पाणी आटलेलं नाही, अडवलेलं आहे. महापौर म्हणजे चाकाच्या खुर्चीतलं एक म्हातारं कासव. गाव तहानेनं रिकामं होऊ द्यायचं, जमिनी लाटायच्या आणि तिथं नवं शहर उठवायचं, असा त्याचा हिशेब. ही थाप नव्हे. १९१३ साली लॉस एंजेलिस शहरानं कॅलिफोर्नियातल्याच ओवेन्स खोऱ्यातलं पाणी कालव्यानं आपल्याकडे वळवलं. पुढं खोऱ्यातले शेतकरी इतके चिडले, की १९२४ साली त्यांनी तो कालवाच सुरुंगानं फोडला. ओवेन्स सरोवर कोरडं पडलं आणि तळाची धूळ वाऱ्यावर उडत राहिली.

हा पिक्चर मी घरी भाचीसाठी लावला होता. आई शेजारी लसूण सोलत बसली होती, तिचं लक्ष नव्हतं. इंग्रजी तिला कळत नाही. बँकेच्या तिजोरीतली ती बाटली दिसली तेव्हा तिनं भाचीला विचारलं, काय ठेवलंय गं त्यात? भाची म्हणाली, पाणी. आई म्हणाली, "मग बरोबर आहे. आम्ही पण ड्रमला कुलूप घालायचो." आमचं गाव लातूरकडचं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात ती तिथंच होती. लसूण बाजूला ठेवून तिनं पुढचा पिक्चर बघितला. सापाला हसली, सरड्याला 'सोंगाड्या मेला' म्हणाली, आणि कासव पहिल्यांदा गोड बोलायला लागलं तेव्हाच, आम्हाला काही कळायच्या आत, म्हणाली, "पाणी ह्यानंच अडवलंय."

भाचीनं विचारलं, आजी, तुला कसं कळलं?

"कपडे बघ की त्याचे. एवढ्या धुळीत पांढरे राहिलेत."

पुन्हा कधी लावलास तर नळाच्या वेळेला हाक मार, असं तिनं सांगून ठेवलंय.